एका जहाजाला दोन वारे

गाडीत बसल्यापासून अण्णा एकच गोष्ट वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगत होते, आणि मागच्या सीटवर मांडीवर काचेची पेटी घेऊन बसलेली त्यांची बहीण खिडकीबाहेर बघत होती.

"बाकीची सगळी मांड. मी काही म्हणतोय का? खोटी नाणी जमवायची हौस आहे तुला, असू दे. पण ते एक पिशवीत राहू दे."

बहिणीने पेटीच्या काचेवरची धूळ पदराने पुसली.

"छोटे, ऐकू येतंय ना?"

"येतंय. कान शाबूत आहेत माझे."

छोटीचे केस कधीच पांढरे झाले होते, गुडघे कुरकुरायला लागले होते, तरी घरात ती छोटीच राहिली होती. घराबाहेर तिला खणखण म्हणत. सगळी नोकरी तिने बसस्थानकाच्या तिकीट खिडकीत काढली आणि हातात आलेलं प्रत्येक नाणं दगडी कठड्यावर वाजवून मगच गल्ल्यात टाकलं. रांगेतली माणसं वैतागायची, ती ढिम्म. एखादं नाणं बोदं वाजलं की ते परत देण्याऐवजी ती बाजूला ठेवायची आणि स्वतःच्या पर्समधलं खरं नाणं गल्ल्यात टाकायची. या आतबट्ट्याच्या व्यवहाराला घरचे वेड म्हणायचे. नाणी जमवणाऱ्यांच्या मंडळात त्यालाच संग्रह म्हणतात हे कळलं तेव्हा तिला फार बरं वाटलं होतं. आज त्या मंडळाचं विभागीय प्रदर्शन होतं आणि छोटीला पहिल्यांदाच स्वतःचं टेबल मिळालं होतं.

'ते एक' म्हणजे कुठलं, हे गाडीतल्या चौघांनाही माहीत होतं. पण नाव न घेण्याची या घराची सवय फार जुनी.

अण्णांचे आणि छोटीचे वडील शिक्के कोरायचे. हात असा की गिऱ्हाईक शिक्का बघून कागदाकडे बघायचं विसरायचं. त्याच हाताने त्यांनी जहाजाचं चित्र असलेलं सरकारी नाणं खोटं पाडलं, परक्या शहरात जाऊन चालवलं, तिथेच सापडले आणि तिथल्याच तुरुंगात गेले. अण्णांना तेव्हा जेमतेम मिसरूड फुटलं होतं. दुकानात येणाऱ्यांना त्यांनी सांगून टाकलं, वडील वारले. पुढे वडील सुटून चालत घरी आले तेव्हा मोठीच पंचाईत झाली. मेलेल्या माणसाला पुन्हा दारातून आत घ्यायचं कसं? मग ते मागच्या खोलीत राहायला आलेले लांबचे काका झाले. घरात दादा, दारात काका. असेच ते जगले आणि काका म्हणूनच गेले.

"टेबल तुझं, पेटी तुझी. पण बाप दोघांचा आहे," अण्णा म्हणाले.

"अरे वा! आठवलं का?" छोटी म्हणाली.

गाडी चालवणाऱ्या चिंगीने हसू दाबलं. वहिनींनी मागून लेकीच्या खांद्याला बोट टोचलं, पुढे बसलेल्या नवऱ्यापर्यंत हात पोचत नसल्यामुळे.

*

हॉल खेळाचा होता. जमिनीवर बॅडमिंटनच्या पांढऱ्या रेषा आणि त्या रेषांवर बिनदिक्कत मांडलेली टेबलं. डोळ्याला भिंग लावून माणसं ट्रेवर ओणवी झाली होती. कुणी नाणं बोटांच्या टोकांत कडेने धरून उजेडात फिरवत होतं, कुणी भाव ऐकून चेहरा पाडत होतं आणि पुढच्या टेबलाशी जाऊन तोच चेहरा पुन्हा पाडत होतं. सगळ्या हॉलला जुन्या किल्ल्यांच्या जुडग्याचा वास येत होता.

अण्णा मंडळाने करायला दिलेल्या मेडलांचा खोका घेऊन शिरले आणि त्यांची मान आपोआप ताठ झाली. दुकान त्यांनी नावारूपाला आणलं होतं. कचेऱ्यांचे शिक्के, वकिलांचे शिक्के, शाळांची मेडलं, दारावरच्या पाट्या. या धंद्यात माल दुय्यम, भरवसा आधी. शिक्का ज्याच्या हातून जातो त्याच्या घराबद्दल कुणी 'अं?' म्हणता कामा नये, आणि आजवर कुणी म्हणालं नव्हतं.

"या, या!" मंडळाचे सचिव पुढे आले. ते डोळ्यांचे डॉक्टर होते आणि समोरच्याकडे बघताना नकळत त्याची खालची पापणी तपासायचे. त्यांनी एक मेडल उचललं. "झकास. फक्त... झेंडा बघितलात का?"

"काय झालं झेंड्याला?"

"जहाजाच्या नाण्यावर तो मागे उडतोय. ते नाणं म्हणजे आमच्या मंडळाचं चिन्ह. तुमच्या मेडलवर तो पुढे उडतोय."

"मग बरोबर आहे की! शिडं पुढे फुगली आहेत म्हणजे वारा मागून आहे. झेंडा मागे जाईल कसा?"

"तुमचं म्हणणं खरं हो," डॉक्टर हसले, "पण मूळ नाण्यावर चुकलेलंच आहे. आमची लाडकी चूक आहे ती. तुम्ही फोटोवरून केलंत का?"

फोटोवरूनच केलं होतं, आणि तोही डॉक्टरांनी पाठवलेला धूसर फोटो. जहाजाचं नाणं हातात घ्यायचं अण्णांनी इतकी वर्षं टाळलं होतं, मेडलासाठी तरी कशाला घेतील? दुकानात मशीन असताना ठसा मात्र त्यांनी हाताने कोरला होता. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"नवीन करून देतो," ते म्हणाले. "चूक माझी."

चिंगी शेजारीच उभी होती. आपल्या बापाच्या तोंडून 'चूक माझी' हे शब्द तिने पहिल्यांदाच ऐकले आणि ते तिच्या लक्षात राहिले.

"काय शिक्केवाले! तुम्हीपण नाण्यांच्या नादी लागलात?" मागून आवाज आला. वकीलसाहेब. अण्णांचे सगळ्यात जुने गिऱ्हाईक, हातात नाण्यांच्या पाकिटांची वही, गळ्यात भिंग.

अण्णांनी वळून छोटीचं टेबल किती जवळ आहे ते बघितलं.

*

छोटीने काळ्या कापडावर नाणी मांडली. काही शिशाची, काही नुसत्या पत्र्याची, एक तर साबणावर छाप उठवून ओतल्यासारखं. टेबलावर तिने पाटी लावली होती: 'यांनी मला फसवायचा प्रयत्न केला.' लोक हसत होते, थांबत होते, विचारत होते. खिडकीतून जगाशी बोलायची सवय असलेली छोटी आज खिडकीशिवाय बोलत होती आणि तिला ते भलतंच आवडत होतं.

मधोमध तिने ते ठेवलं. अण्णा लांबून बघत होते. ठेवलं आणि त्यांच्याकडे बघून एकदा भुवई उडवली.

हे नाणं तिने मुद्दाम जमवलेलं. नव्हे, बाकीची सगळी याच्यापायी जमलेली. वडिलांनी पाडलेलं एकही नाणं घरात उरलं नव्हतं, सगळी जप्त होऊन वितळली होती. पण चालवलेली कुठेतरी फिरत असतील, आणि फिरता फिरता एखादं आपल्या खिडकीशी येईल, या एका आशेवर ती रोज वाजवत बसली. नोकरी संपत आली तेव्हा ते आलं. एका म्हातारीने दिलं. वाजलं बोदं, आणि छोटीने खाली बघितलं तर झेंडा पुढे. तिने म्हातारीला तिकीट दिलं, खिडकी बंद केली आणि आत बसून हमसून हमसून रडली. रांगेला वाटलं, संगणक बंद पडला.

डॉक्टरांनी भिंग लावलं. मग भिंग काढलं, पुसलं, पुन्हा लावलं.

"हे तुमच्याकडे? अहो, हे सुधारलेलं आहे!"

"म्हणजे?"

"आम्ही जमवणारे याला सुधारलेलं नाणं म्हणतो. मी फक्त चित्रात पाहिलंय. मूळ नाण्यावरची झेंड्याची चूक या बहाद्दराने दुरुस्त केली! आणि त्यामुळेच सापडला. बँकेतल्या माणसाला खोट्या नाण्यावर बरोबर झेंडा दिसला आणि संशय आला. कोण होता, कुणास ठाऊक." त्यांनी खिशातून कार्ड काढून घाईघाईने लिहिलं. प्रकार: बनावट. घडवणारा: अज्ञात. "हे इथे ठेवा. नियम आहे."

छोटीने कार्ड वाचलं.

"पहिली ओळ बरोबर आहे. दुसरी चुकली," ती म्हणाली.

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे?"

"डॉक्टर, चहा घेतलात का?" वहिनी मध्ये घुसल्या. त्यांनी कपच डॉक्टरांच्या हातात कोंबला आणि दुसऱ्या हाताने नणंदेचा दंड धरला. "वन्सं, जरा आत चला. पिशवी सापडत नाहीये."

*

सामानाच्या खोलीत फाटक्या जाळ्या, रॅकेटी आणि एक हवा गेलेला चेंडू होता. अण्णांनी दार लोटलं.

"अज्ञात लिहिलंय ना त्यांनी? मग झालं तर! नाणं दिसतंय, लोक वा वा करतायत. तुझी हौस फिटली. आता ते अज्ञात तसंच राहू दे."

"नाही राहणार."

"का पण? कुणासाठी? दादा नाहीत आता."

"जिवंत होते तेव्हा तरी कुठे होते?"

"हे बघ," अण्णांचा आवाज चढला, मग बाहेरचे ऐकतील म्हणून खाली आला, त्यामुळे ते जास्तच रागावलेले वाटले. "मी शाळा सोडली होती. आई रडत होती. तुला दप्तर हवं होतं. दुकानात माणसं येऊन विचारायची, वडील कुठायत. काय सांगायला हवं होतं मी? बाप खोटी नाणी पाडतो, तुमच्या कचेरीचा शिक्का आमच्याकडेच टाका? आणि तुझी नोकरी? पैशांच्या खिडकीवर बसवलं असतं कुणी तुला? मुलाखतीत वडील काय करतात विचारलं, तेव्हा तू काय म्हणालीस?"

"वारले."

"मग!"

"तुझ्या खोट्यावर मी पण जेवलेय, अण्णा. नाही कुठे म्हणते? तेव्हा तू केलंस ते बरोबर केलंस. पण ते सुटून आल्यावर? गिऱ्हाईक गेल्यावरही त्यांनी मागच्याच दाराने यायचं? कोरणी हातात धरायची नाही, गॅलरीत उभं राहायचं नाही. शिक्षा सरकारने दिली ती संपली रे. तू दिलीस ती संपलीच नाही."

अण्णांनी बायकोकडे बघितलं. "तू तरी समजाव हिला."

वहिनींनी आजवर नवऱ्याची बाजू सोडली नव्हती. चारचौघांत तर नाहीच. आजही सकाळपासून त्या त्यांच्याच बाजूने होत्या, कारण वेळेवर घरी पोचायचं तर भांडण लवकर मिटायला हवं होतं. पण 'मागचं दार' हा शब्द ऐकला आणि त्यांना ती खोली आठवली, तिथलं ताट आठवलं.

"मी काय समजावू?" त्या म्हणाल्या. "लग्न होऊन आले तेव्हा मला सांगितलं, हे काका. मी त्यांना काका म्हणून वाढलं. नंतर कळलं की सासरे आहेत, तरी पाहुण्यांसमोर काकाच म्हणायचं. एकदा ते मला म्हणाले, सूनबाई, मीठ कमी आहे. आणि लगेच दाराकडे बघितलं, कुणी ऐकलं तर नाही ना. सून म्हणायला घाबरत होता तो माणूस." त्यांनी पदराने नाक पुसलं. "मीठ खरंच कमी होतं."

"अगं, पण पुढचं बघ जरा! दुकान मी चिंगीच्या नावावर करतोय. बाहेर वकीलसाहेब उभे आहेत. उद्या त्यांनी पाठ फिरवली की सगळे फिरवतील. पोरीच्या पोटावर पाय आणायचा का?"

सगळे चिंगीकडे बघू लागले. चिंगी कवळ्या आणि खोटे दात बनवायची. दवाखान्यातली ती नोकरी सोडून तिने दुकान घ्यावं, असं ठरत आलं होतं आणि तिने अजून हो म्हटलं नव्हतं.

"अण्णा, मला एक सांगा," ती म्हणाली. बापाला ती अण्णाच म्हणायची. "आजोबांनी नेमकं काय चुकवलं म्हणून सापडले, माहीत होतं तुम्हाला?"

"चित्रात काहीतरी फरक होता. मी कोर्टात गेलो नव्हतो. विचारलंही नाही कधी."

"तुम्ही त्यांचं नाणं कधी बघितलंच नाही?"

"नाही! आणि बघायचंही नाही."

"आत्या, आजोबांनी झेंडा का बदलला?"

"विचारलं होतं मी. नाणी का पाडली विचारलं तर म्हणाले, जमतंय का बघायचं होतं."

"आणि जमल्यावर बाजारात चालवली!" वहिनी पुटपुटल्या.

"तेच म्हटलं मी. त्यावर भिंतीकडे तोंड केलं. पण झेंड्याचं विचारलं तर कसे चिडले! म्हणाले, सरकारी कारागीर असेल तो, पण एका जहाजाला दोन वारे असतात का? तुरुंगात गेले त्याचं नाही, झेंड्याचं त्यांना जास्त वाईट वाटायचं."

चिंगी बापाकडे बघत राहिली. मग खांद्यावरच्या पिशवीत हात घालून तिने एक मेडल काढलं. डॉक्टरांनी तपासायला घेतलेलं तेच, परत देताना तिच्याकडे आलेलं.

"हे काय?" छोटीने विचारलं.

"अण्णांची चूक," चिंगी म्हणाली.

छोटीने चष्मा वर ढकलला. मेडल उजेडाकडे धरलं. आणि सगळी भांडणं विसरून ती इतक्या मोठ्याने हसली की बाहेरच्या एक-दोघांनी दाराकडे वळून बघितलं.

"अगं बाई! हा तर त्यांच्यावर गेलाय!"

"कोण? कुणावर?" अण्णा म्हणाले. उत्तराची वाट न बघता ते दार उघडून तरातरा बाहेर गेले.

*

टेबलाभोवती गर्दी जमली होती. डॉक्टर सगळ्यांना सुधारलेलं नाणं दाखवत होते आणि सगळ्यांत पुढे वकीलसाहेब होते. अण्णा गर्दीतून घुसले, हात लांब केला आणि नाणं मुठीत घेऊन मोकळे झाले. कुणाला काही कळायच्या आत मूठ बंद.

"अहो, कडेने धरा, कडेने!" डॉक्टर कळवळले.

छोटी धापा टाकत पोचली. "अण्णा, उघड मूठ."

"नाही."

"माझं आहे ते. अख्खी नोकरी वाट बघितलीय मी त्याची."

"अहो," वहिनी म्हणाल्या. चारचौघांत, नवऱ्याला, स्पष्ट आवाजात. "ठेवा ते खाली. निदान बघा तरी एकदा."

"काय भानगड आहे शिक्केवाले?" वकीलसाहेबांनी विचारलं.

अण्णांनी दाराकडे बघितलं. मूठ तशीच घेऊन चालत बाहेर जावं, गटारात टाकावं, विषय संपेल. पण नाणं मुठीत गरम झालं होतं आणि अंगठ्याखाली त्याचा उठाव लागत होता. शिक्के करणाऱ्याचा अंगठा तो, त्याला गप्प बसता येईना. कड किती साफ उतरली आहे. शिडाची घडी किती खोल. ओतलेलं काम आणि इतकं नितळ? अंगठा वर सरकला, डोलकाठीवरून टोकाशी गेला आणि झेंडा पुढे होता.

त्यांनी मूठ उघडली.

चिंगीने मेडल त्यांच्या दुसऱ्या तळहातावर ठेवलं. एक बोदं, झिजलेलं, करडं. दुसरं कोरं, झळझळीत. दोन्ही जहाजं एकाच वाऱ्याने चालली होती.

अण्णांनी दोन्ही तळहात एकमेकांजवळ आणले. हा झेंडा त्यांना कुणी शिकवला नव्हता. लहानपणी दादांच्या शेजारी स्टुलावर बसून नुसतं बघितलं होतं, हात कसा थांबतो, चुकीच्या रेषेवर कसा नाखूश होतो. त्यांनी त्या माणसाला मारलं होतं, मागच्या खोलीत ठेवलं होतं, परकं केलं होतं, आणि तो इतका वेळ त्यांच्याच हातात बसून काम करत होता. त्याचा त्यांना राग आला आणि रागाला तोंड फुटायला जागा हवीच होती.

"डॉक्टर," ते म्हणाले, "मेडलं बदलून मिळणार नाहीत."

"अं? पण मघाशी तर तुम्ही..."

"मघाशी चूक माझी म्हणालो, ते चुकलं. चूक तुमच्या नाण्यात आहे. माझा झेंडा बरोबर आहे. नको असतील तर खोका परत नेतो, पण वारा दोन बाजूंनी वाहतो असं मी कोरणार नाही."

"बरोबर बोलला," छोटी म्हणाली. त्या दिवसात तिने भावाला दिलेला हा पहिला दुजोरा होता.

अण्णांनी नाणं काळ्या कापडावर ठेवलं, झेंडा वर राहील असं फिरवून. मग छोटीने कार्डावरचं 'अज्ञात' खोडायला पेन उघडलं, ते त्यांनी तिच्या हातातून काढून घेतलं.

"दे इकडे. तुझं अक्षर घाण आहे."

त्यांनी 'अज्ञात'वर एक सरळ रेघ मारली. खाली त्यांनी दुकानाच्या पाटीवर लिहायचे तशा वळणदार अक्षरात वडिलांचं पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट. लिहून झाल्यावर वेलांटी थोडी कमी गोल वाटली म्हणून पुन्हा गिरवली.

वकीलसाहेबांनी भिंग न लावता कार्ड वाचलं. आडनाव वाचून त्यांनी मान वर केली. इतक्या वर्षांचे गिऱ्हाईक ते, दुकानात बसून कितीदा चहा प्यायलेले. मागच्या खोलीच्या अर्धवट उघड्या दारातून दिसणारा म्हातारा त्यांना आठवला असावा.

"म्हणजे हे... ते तुमचे काका ना? मागे बसायचे ते?"

छोटीने कार्ड नाण्याजवळ सरकवलं. वहिनी एक पाऊल पुढे आल्या आणि नवऱ्याच्या शेजारी उभ्या राहिल्या. चिंगीने मेडलांचा खोका उचलून छातीशी धरला, खोका परत न्यायची वेळ आलीच तर तिची तयारी होती.

अण्णांनी पेनाला टोपण लावलं.

"काका नाहीत," ते म्हणाले. हॉलमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल असं. "वडील."